चाळिशीनंतरचा बर्फ

भोपाळला बर्फ पडत नाही. जानेवारीत मोठ्या तलावावर उन्हं वर येईपर्यंत धुकं असतं, रिक्षावाले मफलरात डोकं गुंडाळून बसतात, पण नळाचं पाणी काही गोठत नाही. इथला बर्फ म्हणजे उन्हाळ्यात कारखान्यातून निघणाऱ्या, गोणपाटात बांधलेल्या लाद्या. अशा गावातल्या बायकांनी पैसे साठवून, रजा टाकून, गोठलेल्या धबधब्यावर चढायला का जावं, असं मला बरेच जण विचारतात. विचारणाऱ्यांचा सूर वाईट नसतो, त्यांना खरोखरच उमगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात ज्योती रात्रे यांच्यापासून करायला हवी, कारण आमच्यातल्या बहुतेकींची सुरुवात तिथूनच झाली. भोपाळच्या ज्योतीताई १९ मे २०२४ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचल्या तेव्हा त्या ५५ वर्षांच्या होत्या. इतक्या वयाची भारतीय स्त्री त्याआधी तिथे पोचली नव्हती. आधीचा विक्रम संगीता बहल यांचा, २०१८ सालचा, वयाच्या ५३व्या वर्षीचा. आदल्या वर्षी ज्योतीताई ८,१६० मीटरवरून खराब हवेमुळे परत फिरल्या होत्या. मला माथ्यापेक्षा ते परत फिरणं जास्त मोठं वाटतं. सातशे मीटर उरलेले असताना पाठ फिरवायची, घरी यायचं, पुन्हा पैशांची जुळवाजुळव करायची आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा उभं राहायचं. त्यांच्याही पाच वर्षं आधी, २२ मे २०१९ला, सीहोर जिल्ह्यातल्या मेघा परमार आणि छिंदवाड्याजवळच्या तामियाच्या भावना डेहरिया या दोघी एकाच दिवशी एव्हरेस्टवर पोचल्या होत्या. मध्य प्रदेशातून एव्हरेस्टवर पोचलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. पण त्या पंचविशी-तिशीच्या मुली. त्यांचं कौतुक वाटलं, अभिमान वाटला आणि आम्ही पुन्हा आपापल्या कामाला लागलो. ज्योतीताईंच्या बातमीनंतर मात्र कामात लक्ष लागेना.

त्या बातमीतली एक ओळ माझ्या मनात रुतून बसली. वय जास्त म्हणून त्यांना गिर्यारोहणाच्या संस्थेत प्रवेश मिळाला नव्हता, तयारी त्यांनी आपली आपणच केली होती. आपल्याकडच्या गिर्यारोहण संस्थांबद्दल मला आदर आहे. दार्जिलिंगची संस्था १९५४ची, उत्तरकाशीची १९६५ची. बचेंद्री पाल उत्तरकाशीलाच शिकल्या आणि १९८४च्या मे महिन्यात, तिसावा वाढदिवस एका दिवसावर असताना, एव्हरेस्टवर उभ्या राहिल्या. या संस्था नसत्या तर या देशातल्या बायकांना हिमालय फक्त फोटोत दिसला असता. पण बेसिक कोर्स जवळजवळ महिनाभराचा असतो आणि त्याच्या अर्जावरची वयाची मर्यादा चाळिशीच्या आसपास संपते. पाठीवर ओझं, उंची, हृदयावरचा ताण, या सगळ्याची जबाबदारी संस्थेवर असते, त्यामुळे अटीमागचं कारण कळतं. तरीही मला प्रश्न पडतो. बाविसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुठल्या बाईला महिनाभर घर सोडता येतं? बाळंतपण, पोरांच्या शाळा, मग दहावी, मग बारावी, मग सासऱ्यांची अँजिओप्लास्टी. संस्थेचं दार ज्या वर्षी मिटतं, त्याच सुमाराला घराचं दार किलकिलं व्हायला लागतं. आणि तेही महिनाभरासाठी नाही. शनिवार, रविवार आणि आजूबाजूला जोडून घेतलेली थोडी रजा, एवढीच ती फट. गोठलेल्या धबधब्यावरची आमची सहल त्या फटीतूनच झाली.

आम्ही सकाळी मनुआभान टेकडीवर जमतो. घरात मराठी आणि दारात हिंदी बोलणाऱ्या आम्ही काही जणी, एक बंगाली, एक मल्याळी, बाकीच्या इथल्याच. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून टेकडी चढायची आणि वर गेल्यावर पाणी झाडांना घालून मोकळी सॅक घेऊन उतरायचं, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार येत नाही. बर्फाचं ठरल्यावर त्यात एका व्यायामाची भर पडली. पायरीच्या कडेवर फक्त चवडे टेकवायचे, टाचा हवेत आणि तसंच उभं राहायचं. पोटऱ्या थरथरायला लागल्या तरी टाच वर जाऊ द्यायची नाही. फिरायला येणारे काका लोक थांबून बघायचे. एकांनी विचारलंच, "हे कशासाठी?"

हा 'कशासाठी' घराघरांत विचारला गेला. अमरनाथला जाते म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. ती गुहा ३,८८८ मीटरवर आहे, आम्ही जाणार होतो त्यापेक्षा कितीतरी उंच, आणि यात्रेची नोंदणी सत्तरीपर्यंत होते. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका गुडघ्यांना पट्टे बांधून तिथे जाऊन आल्या. घरच्यांनी दशम्या, चटण्या बांधून दिल्या, स्टेशनवर पोचवायला सगळे गेले. देवाच्या दारी जाणारी बाई घरासाठीच काहीतरी मागून आणते, असा एक विश्वास त्यामागे असतो. गोठलेल्या ओढ्यावर चढून खाली उतरणारी बाई घरासाठी काय आणणार?

आपल्या हिरकणीचंच बघा. रायगडाचा तो कडा उतरणारी गवळण आपण लहानपणापासून ऐकत आलो. मीही माझ्या मुलीला ती गोष्ट सांगितली, दर वेळी अंगावर काटा आला. पण त्या कड्याला आपण होकार दिला तो खाली तान्हं बाळ भुकेलं होतं म्हणून. तिला त्या कड्याची ओढ वाटली असती, वारा अंगावर घेत खाचेत बोटं रुतवायचा आनंद वाटला असता, तर तिच्या नावाचा बुरूज झाला असता का? मला हिरकणीचं आईपण कमी करायचं नाही. तिच्या अंगातलं दुसरं जे काही होतं, ज्याच्या जोरावर तो कडा उतरता आला, त्याची कुणी चौकशीच केली नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. तेवढी नजर, तेवढा तोल आणि अंधारात पाय टाकायची तेवढी हिंमत काही एका संध्याकाळी येत नाही.

तर आम्ही निघालो. राणी कमलापती स्टेशनवरून रात्रीच्या भोपाळ एक्सप्रेसने दिल्ली, तिथून दुसऱ्या रात्रीच्या बसने मनाली आणि मग अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये. हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा ऑक्टोबर २०२०मध्ये खुला झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद झाली की लाहौल महिनोन्‌महिने तुटलेलं असायचं. तेव्हा आमच्यासारख्यांना दोन दिवसांसाठी तिकडे जाणं सुचलंही नसतं. सिस्सू गावाच्या अलीकडे रस्त्यापासून थोडं वर एक ओहोळ गोठलेला होता, तेच आमचं मैदान. जानेवारीचा पहिला पंधरवडा होता. पुढे तिथे देवांचे दिवस सुरू होतात आणि अलीकडच्या वर्षांत तिथली गावं त्या काळात पाहुण्यांना येऊ नका म्हणतात. मला ते फार योग्य वाटतं. डोंगर त्यांचा आहे आणि शांतता कधी हवी हे त्यांनीच ठरवायचं.

शिकवणारी मुलगी लाहौलची, माझ्या लेकीच्या वयाची. तिने आधी अर्धा तास आम्हाला काहीच करू दिलं नाही, नुसता बर्फ ऐकायला लावला. बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीच्या, म्हणजे ॲक्सच्या टोकाने हलकेच ठोकायचं. निळसर, घट्ट बर्फाचा आवाज भरीव येतो. पांढऱ्या, हवा धरलेल्या बर्फाचा पोकळ. काही ठिकाणी आतून पाणी वाहत असतं, तेही कान लावला की ऐकू येतं. ऊन भिंतीवर आलं की काम बंद, कितीही मन झालं तरी, हा तिचा पहिला नियम.

मग तिने आइस स्क्रू दाखवला. वीतभर लांबीची पोकळ नळी, तोंडाला दाते. हाताने फिरवत आत घालायची. जसजशी ती आत जाते तसतसा नळीच्या मागच्या तोंडातून बर्फाचा एक गोल कांडा सरकत बाहेर येतो, आतल्या बर्फाचा नमुनाच. तो अखंड आणि स्वच्छ निघाला तर स्क्रू भरवशाचा. मध्येच तुटला, भुसभुशीत निघाला किंवा ओला आला, तर जागा बदलायची. मी तो कांडा हातमोज्यावर घेऊन बराच वेळ बघत राहिले. इतका पारदर्शक बर्फ मी आयुष्यात पाहिला नव्हता.

चढण्याची गंमत पायांत आहे. बुटाखाली क्रॅम्पॉन, म्हणजे धातूच्या दात्यांची पट्टी, त्याला पुढे काढलेले दोन दाते. पायाचा चवडा भिंतीत हाणायचा, ते दोन दाते आत रुततात आणि त्यांच्यावर सगळं शरीर उभं राहतं. टाच वर गेली की दाते उचकटतात, म्हणून टाच खाली. घाबरल्यावर टाच आपोआप वर जाते, हीच अडचण. "दीदी, हाथ से नहीं, पाँव से चढ़ो," ती मुलगी प्रत्येकीला सांगत होती. हातांनी स्वतःला ओढत राहिलं तर पाच मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू दगड होतात, बोटं मिटत नाहीत. हाताची ताकद कमी असलेली माणसं उलट लवकर शिकतात, कारण त्यांना पायांवर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नसतं. ॲक्स नीट बसला तर एकच भरीव ठोका येतो. चुकीच्या कोनात मारला तर ताटलीएवढी कपची उडते, वरून ओरडायचं "आइस!" आणि खालच्यांनी मान न उचलता हेल्मेट पुढे करायचं.

या दोन दात्यांची गोष्ट मला फार आवडते. ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रजाने १९०८च्या सुमाराला दहा दात्यांचं क्रॅम्पॉन तयार केलं, इटलीतल्या ग्रिवेल या लोहारकाम करणाऱ्या घराण्याने ते घडवलं आणि त्याच घरातल्या लॉरेंट ग्रिवेलने १९२९मध्ये पुढचे दोन दाते जोडले. त्याआधी उभ्या बर्फावर जायचं म्हणजे पुढच्या वाटाड्याने कुऱ्हाडीने पायऱ्या खोदायच्या आणि मागच्याने त्या पायऱ्यांवरून चढायचं. तासन्‌तास खोदकाम चाले. मागून येणारी बाई कितीही तयारीची असली तरी ती दुसऱ्याने खोदलेल्या पायरीवरच उभी असायची. पुढचे दोन दाते आले आणि पायरी खोदून देणाऱ्याची गरजच उरली नाही. जिथे आपला पाय लागेल तिथे आपली वाट.

आमच्यात एक सासू-सून होत्या. सासूबाई निवृत्त शिक्षिका, साठी ओलांडलेल्या. सून बँकेत. सासूबाई भिंतीवर आणि सून खाली बिलेवर, म्हणजे दोर हिच्या हातात. वरच्या बाजूला पक्क्या केलेल्या दोराच्या एका टोकाला सासूबाई बांधलेल्या, दुसरं टोक सुनेच्या कमरेच्या हार्नेसमधून. बिलेचा नियम एकच, ब्रेकचा, म्हणजे दोर रोखणारा हात दोरावरून सुटता कामा नये, नाक खाजलं तरी.

"आई, टाच खाली. अजून खाली."

"अगं, खालीच आहे."

"नाहीये. तुम्हाला दिसत नाही, मला दिसतंय."

वर क्षणभर काही हालचाल नाही. मग टाच खाली आली. पुढचा पाय बसला. एक ॲक्स, दुसरा ॲक्स. अर्ध्यावर गेल्यावर उजव्या पायाचे दाते निसटले, "रोप टाइट!" अशी हाक आली आणि त्या हाकेच्या आधीच सुनेने दोर आवळलेला होता. सासूबाई जेमतेम फूटभर खाली आल्या आणि लोंबकळत थांबल्या. सून त्या ओढीने चवड्यांवर उचलली गेली.

"धरलंय ना गं?"

"धरलंय. हात झटका, श्वास घ्या, घाई नाही."

त्यांनी हात झटकले. थंडीने बधिर झालेल्या बोटांत रक्त परत येतं तेव्हा असा ठणका लागतो की डोळ्यांत पाणी उभं राहतं. त्यांच्याही राहिलं. मग त्या पुन्हा भिंतीला लागल्या आणि वरच्या कॅराबिनरला, म्हणजे दोर अडकवलेल्या कडीला, हात लावूनच खाली आल्या. त्या घरात वर्षानुवर्षं कोण कुणाला काय सांगणार हे ठरलेलं होतं. त्या भिंतीवर ते उलटं झालं आणि दोघींपैकी कुणालाही त्यात कमीपणा वाटला नाही.

'फक्त बायकांचा गट कशाला?' हा पुढचा प्रश्न. मी आमच्या यजमानांबरोबर, मित्रमंडळींबरोबर सह्याद्रीत, पचमढीला पुष्कळ हिंडले आहे, त्या आठवणी सुखाच्या आहेत. पण तिथे माझ्या हातात दोर आला की कुणीतरी मायेनेच म्हणायचं, "द्या इकडे." गाठ त्याने मारायची, स्टोव्ह त्याने पेटवायचा, नकाशा त्याने वाचायचा. मदत करणाऱ्याचं शिकणं होतं आणि जिला मदत केली तिचं राहून जातं. सिस्सूला 'द्या इकडे' म्हणणारं कुणी नव्हतं. फिगर-एटची गाठ चुकली तर आम्हीच सोडवायची, पुन्हा मारायची, एकमेकींची तपासायची.

आणि शरीराचं बोलणं. भाड्याने मिळणारे बूट पुरुषांच्या मापाचे, त्यात दोन-दोन मोजे घालूनही टाच हलते. हार्नेस न सोडता लघवीला कसं बसायचं, मागचे पट्टे कसे मोकळे करायचे. हे प्रश्न मिश्र गटात कुणी विचारत नाही, म्हणून त्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि उंचीवर पाणी न पिणं हे सरळ आजारपणाला आमंत्रण. एकदा कडाक्याच्या थंडीत, सगळ्या जाकिटात मुटकुळं करून बसलेल्या असताना, एकीने झर्रकन चेन उघडली, टोपी काढली आणि डोळे मिटून घेतले. "आला," एवढंच म्हणाली. कुणी काही विचारलं नाही. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांना तो उसळून येणारा उष्मा सांगावा लागत नाही. शेजारच्या दोघींनी तिचं जाकीट धरून ठेवलं, उष्मा ओसरल्यावर पुन्हा घातलं.

बायकांच्या वेगळ्या गटाला तशी जुनी परंपरा आहे. लंडनचा अल्पाइन क्लब १८५७चा. तिथे बायकांना प्रवेश नव्हता म्हणून १९०७ साली त्यांनी वेगळा लेडीज अल्पाइन क्लब काढला आणि तो १९७५मध्ये मूळ क्लबमध्ये मिसळेपर्यंत चालवला. जपानच्या जुन्को ताबेई यांनी १९६९मध्ये बायकांचा गिर्यारोहण क्लब सुरू केला. एव्हरेस्टच्या मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्या तर मुलं सांभाळा असं ऐकवलं गेलं. त्यांनी पियानोच्या शिकवण्या घेतल्या, गाडीच्या सीटच्या कव्हरांतून हातमोज्यांवरचे जलरोधक मोजे शिवले. ४ मे १९७५ला तंबूवर हिमप्रपात कोसळला, त्या बेशुद्ध पडल्या, बाहेर ओढून काढाव्या लागल्या आणि १६ मे रोजी त्या एव्हरेस्टवर पोचलेल्या जगातल्या पहिल्या स्त्री ठरल्या. घरी तीन वर्षांची मुलगी होती. ते शिवणकाम मला राहून राहून आठवतं, कारण भाड्याचे बूट बसावेत म्हणून आमच्यातलीही एकजण रात्री फोमचे तुकडे कापून टाचेला शिवत बसली होती.

भोपाळला तर बायकांनी एकत्र जमणं मुळीच नवं नाही. १८१९ ते १९२६ या काळात, मधली काही वर्षं सोडली तर, इथे चार बेगमांची सत्ता होती. शेवटच्या सुलतान जहाँ बेगमांनी पडद्यातल्या बायकांसाठी क्लब काढला, त्यांच्या शिक्षणासाठी हयातभर खटपट केली. त्या बायकांना चार भिंतींच्या आत का होईना, आपली म्हणून एक जागा मिळाली. तिथे त्या काय बोलत असतील, कशावर हसत असतील याचा विचार मी टेकडी चढताना नेहमी करते.

आणि वय म्हणाल, तर २०२२मध्ये बचेंद्री पाल यांनी पन्नाशीपुढच्या बायकांची तुकडी घेऊन अरुणाचलातल्या पांगसाऊ खिंडीपासून लडाखपर्यंतचा हिमालय सुमारे पाच महिन्यांत पायी पार केला. त्या स्वतः निघताना ६७ वर्षांच्या होत्या. तुकडीत आपल्या नागपूरच्या बिमला नेगी देऊस्कर होत्या, भिलाईच्या सविता धपवाल होत्या. वयाचा एकच आकडा धरून सगळ्यांना दाराबाहेर ठेवणाऱ्या अर्जांनी या बायकांकडे एकदा बघावं. तब्येतीच्या कडक चाचण्या घ्या, हव्या तेवढ्या घ्या. पण पंचेचाळीस, पन्नास, साठ वर्षांच्या बायकांसाठी आठवडाभराचा सरकारी बर्फ-वर्ग का नसावा? ज्यांच्याकडे खासगी सहलीचे पैसे नाहीत त्यांनी काय करायचं? आमच्या टेकडीवर येणाऱ्यांत पोळ्या लाटून घर चालवणारी एक बाई आहे. तिचा दम आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला आहे. ती आली नाही, कारण तिला तो खर्च झेपण्यासारखा नव्हता आणि आम्ही तो भरतो म्हटल्यावर ती नको म्हणाली. मला हे अजून टोचतं.

दुसरीही एक राहिली. पैसे भरलेले, बूट ठरलेले. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या सासऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. घरात दोन मुलगे, दोघंही त्याच गावात, तरी रजा तिनेच टाकली. बर्फासाठी घेतलेली रजा तिने दवाखान्याच्या बाकावर काढली. आम्ही परतल्यावर तिने काही तक्रार केली नाही, फक्त ॲक्स कसा बसतो ते सासूबाईंना हाताने करून दाखवायला लावलं, दोनदा.

सासरे आता हिंडते-फिरते आहेत. येत्या जानेवारीत तिच्या नवऱ्याने रजा टाकायची, असं तिने आत्ताच, घरातल्या सगळ्यांसमोर ठरवून घेतलं आहे. पोळ्यावाल्या ताईंसाठी आम्ही दर महिन्याला एक ठरावीक रक्कम बाजूला काढतो आणि ती मदत म्हणून द्यायची नाही, असं ठरलं आहे. दोन दिवसांचा सगळ्यांचा स्वयंपाक त्या करणार, त्याची ती मजुरी. हिशेब त्यांनी स्वतः मांडला, तेल-मिठासकट, आणि मजुरीचा आकडा आमच्यापेक्षा त्यांनीच जास्त नेमका काढला. बुटाचं माप मात्र त्या अजून सांगत नाहीत. परवा टेकडीवर कागदावर पाऊल ठेवायला लावून मीच पेन्सिलने आखून घेतलं.